एक नंबरचा बिल्ला

आमच्या वर्कशॉपच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली, एक लाकडी पाटी टांगलेली आहे. तिच्या डाव्या अर्ध्यात खुंट्या आणि वर शब्द 'आत'. उजव्या अर्ध्यात तितक्याच खुंट्या आणि वर शब्द 'बाहेर'. इथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. फाटकातून आत शिरलात की बिल्ला डावीकडे, बाहेर पडलात की उजवीकडे. समोरच्या दुकानात चहापत्ती आणायला चाललात तरी. आग लागली तर डावीकडचे बिल्ले मोजायचे आणि रस्त्यावर उभी असलेली डोकी मोजायची. दोन्ही आकडे जुळले की आत कोणी राहिलेलं नाही.

एवढीशी गोष्ट, आणि तिच्यावरून मी वर्षानुवर्षं लोकांशी भांडतोय. "भाऊ, दोन मिनिटांत येतो, बिल्ला कशाला?" असं म्हणणाऱ्याला मी गल्लीच्या तोंडापासून परत बोलावून बिल्ला फिरवायला लावलाय, उन्हातान्हात. मी इथला स्टोअरकीपर. पाठीमागे मला हवालदार म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत. बिल्ला खोटं बोलत नाही, हे माझं पालुपद होतं. इतक्या वेळा ऐकवलेलं की पोरं माझी नक्कल करताना तेच वाक्य म्हणायची.

आमचं वर्कशॉप इकडे आखातात, तुबलीत, सोफे आणि लाकडी फर्निचरचं. दोन्ही बाजूंना गॅरेजं. खाली कारखाना आणि वर आमच्या खोल्या, अशी सगळ्या गल्लीचीच रचना. म्हणजे खाली थिनरचे डबे, फोमच्या थप्प्या, लाकडाचा भुसा, आणि त्याच्या डोक्यावर आमची अंथरुणं. नव्याने आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हे एकदा नीट दाखवतो. तो हसतो. मग मी त्याला फोमचा एक तुकडा बाहेर नेऊन पेटवून दाखवतो, आणि तो हसायचा थांबतो.

पाटीची कल्पना माझी एकट्याची नाही. इथे एक सुतार होता, रायगडकडचा कोकणी मुसलमान. वयाने माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो आणि तो मला भाऊ. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाशी चहा पीत उभे होतो तेव्हा एका गॅरेजला आग लागली. सरकारी बंब बघता बघता आला, त्यात काही खोट नव्हती. पण गल्लीत आमच्याच लोकांनी दोन्हीकडे गाड्या लावून ठेवलेल्या, बंब तोंडाशी अडकला. बंबावरचा साहेब खाली उतरला आणि त्याने आधी अरबीत, मग हिंदीत विचारलं, आत माणूस आहे का? कोणी म्हणालं दोन आहेत. कोणी म्हणालं मफी, कोणी नाही. एकजण छाती बडवून सांगत होता की माझा रूममेट झोपलेला आहे. बंबाची दोन पोरं तोंडावर मुखवटे चढवून त्या धुरात शिरली. बराच वेळ आली नाहीत. शेवटी ती बाहेर आली, एकाचा हात भाजलेला, आणि आत कोणीच नव्हतं. रूममेट मनामाला जेवायला गेला होता. बोटांना लागलेला भात तसाच घेऊन तो तासाभराने उगवला आणि लोकांची गर्दी कशाला म्हणून विचारू लागला.

भाई त्या दिवशी कामाला बसला नाही. मला म्हणाला, "भाऊ, त्या पोरांना आपण फुकट आत पाठवलं. त्यांना पण आया असतील ना?"

मला माझा गाव आठवला. चिपळूणच्या वरच्या अंगाला आमचा डोंगर आहे. फाल्गुनात कधी दुपारी वणवा लागायचा आणि गवताच्या उडव्यांकडे, काजूंकडे सरकायला लागायचा. हाक गेली की घरटी एक माणूस निघायचा. कुणी पगार देत नव्हतं, कुणी बोलावणं करत नव्हतं. हिरवे टहाळे तोडायचे आणि जाळावर झोडत पुढे सरकायचं. आग विझली की सगळे तिथेच बसकण मारायचे, काळे ठिक्कर झालेले, पाण्यासाठी जीव कासावीस. पण माझे वडील कोणाला पाणी पिऊ द्यायचे नाहीत. आधी माणसं मोजा. वाडीवाडीने मोजणी व्हायची, आकडा जुळायचा, मग कळशी फिरायची. मला तेव्हा वडलांचा भयंकर राग यायचा.

हे मी भाईला सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्लायची पाटी कापली. बिल्ले पण त्यानेच पत्र्यातून कापले आणि प्रत्येकाची कड कानस मारून गुळगुळीत केली, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. पहिला बिल्ला त्याने स्वतःसाठी ठेवला. "कल्पना तुझ्या बापाची, पाटी माझी, म्हणून एक नंबर माझा," म्हणाला. मला दोन नंबर दिला. अजून आहे माझ्याकडे.

तशी आमची टोळी तयार झाली. तिला नाव वगैरे काही नव्हतं, आगवाले म्हणायचे. एकाकडे मेन स्विच पाडायचं काम, एकाकडे लाल सिलिंडर, दोघांकडे गल्लीतल्या गाड्या हलवून बंबाला वाट करून द्यायचं. जुना वेल्डर त्यांतला एक. मोजणी माझ्याकडे. दर शुक्रवारी सकाळी मी शिट्टी मारायचो आणि सगळ्यांना लुंगी-बनियनवर रस्त्यावर उतरवायचो. शिव्या खाल्ल्या भरपूर. सरकारी बंबाचा एक साहेब येऊन आम्हाला दोन गोष्टी शिकवून गेला. त्याने बजावून सांगितलं, तुम्ही आत शिरायचं नाही, ते आमचं काम. तुम्ही फक्त बाहेर पडा, मोजा आणि आम्हाला आकडा सांगा. हा नियम मी पाटीखाली लिहून ठेवला. पण खरं सांगायचं तर त्याच्या दहापट वेळा मी दुसरंच काहीतरी ओरडलो होतो: माणूस मागे ठेवून आलात तर मला तोंड दाखवू नका. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. त्याची शिक्षा कोणाला झाली ते पुढे येईलच.

मोठ्या आगी आमच्या नशिबी आल्या नाहीत. एकदा स्वयंपाकघरात तेल पेटलं, एकदा भंगारातल्या गाद्यांचा ढिगारा. बाकी सगळी वर्षं गाड्या कुठे लावायच्या यावरून भांडण्यात गेली. गल्लीतल्या इतर चार वर्कशॉपांनीही आमच्यासारख्या पाट्या केल्या. भाई त्यांना बिल्ले कापून द्यायचा आणि बदल्यात चहा उकळायचा.

एकाच गोष्टीवर पोरं माझं ऐकेनात. रजेवर जाणाऱ्याच्या बिल्ल्याचं काय करायचं? 'बाहेर' लावायला कोणी तयार नव्हतं. इथून घरी निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि त्याचा बिल्ला दोन महिने 'बाहेर' टांगायचा? छे. मी म्हणालो, मग माझ्या टेबलाच्या खणात डबा आहे, त्यात ठेवा. तर ते त्याहून वाईट. त्या डब्यात व्हिसा कॅन्सल होऊन कायमचे गेलेल्यांचे बिल्ले होते, आणि तिथे गेलेला बिल्ला परत खुंटीवर आलेला कुणी पाहिला नव्हता. शेवटी भाईने तोडगा काढला. रजेवरच्या माणसाचा बिल्ला 'आत'च राहील, त्याची जागा धरून, फक्त त्यावर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळायची. टेप असलेला बिल्ला मोजायचा नाही. मी कुरकुरलो, पण मानलं.

मग भाई मुलीच्या लग्नासाठी गावी गेला. विमानतळाकडे निघताना त्याने स्वतःच आपल्या बिल्ल्याला टेप गुंडाळली. "येतो रे भाऊ. पाटी सांभाळ," म्हणाला. लग्न नीट पार पडलं. मांडव उतरवून आठवडा झाला असेल, अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या तो गेला. त्याच्या बायकोचा फोन मलाच आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाली.

नियमाप्रमाणे त्याचा बिल्ला डब्यात जायला हवा होता. पाटीशेजारी काचेखाली नंबर आणि खोल्यांची यादी असते, तीही माझ्याच अक्षरात. तिथून त्याचा नंबर खोडायला हवा होता. वरच्या डाव्या हाताच्या खोलीत त्याची ट्रंक होती, खाट होती, खाटेवर अंथरूण होतं. ते सगळं आवरायला हवं होतं. जुना वेल्डर एकदा म्हणाला, "हवालदार, ते एक नंबरचं..." मी म्हणालो, करतो. त्याने परत विचारलं नाही. करतो करतो म्हणत महिने गेले.

मग उन्हाळा आला. इथल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो. एका सकाळी ती लाल टेप मला पाटीखाली मातीत पडलेली दिसली. मी ती उचलून खिशात घातली. मी स्टोअरकीपर आहे, टेपचे खोकेच्या खोके माझ्या ताब्यात. एक तुकडा कापून लावायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी नाही लावला. टेप लावायची म्हणजे तो रजेवर आहे असं स्वतःशीच खोटं बोलायचं, आणि बिल्ला काढायचा म्हणजे खलास. यांतलं काहीच मला करवेना. आणि आणखी एक सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. रोज सकाळी फाटक उघडताना पहिल्या खुंटीवर तो उघडा बिल्ला दिसायचा, 'आत'. मला बरं वाटायचं. दिवस चांगला जायचा.

शुक्रवारी मोजणी मीच करायचो आणि मनातल्या मनात एक सोडून मोजायचो. आकडा जुळायचा. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. या मधल्या काळात माणसंही बदलली. बरेच जुने गेले, नवे आले.

नव्यांमध्ये एक स्प्रे पेंटर होता, माणगावचा. पंचेचाळिशीच्या आसपास, हमद टाउनच्या एका वर्कशॉपमधून आमच्याकडे आलेला. कमी बोलायचा. सोफ्याच्या पायाला पॉलिश मारावं तर यानेच; आरसा करून सोडायचा. पण मला तो आवडायचा ते वेगळ्या कारणासाठी. त्याला बिल्ल्याबद्दल एकदाही सांगावं लागलं नाही. पाणी भरायला फाटकाबाहेर पाऊल टाकलं तरी बिल्ला फिरवायचा. मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायला लागलो, त्याला ओशाळं वाटायचं.

एका शुक्रवारी मला रिफाला जायचं होतं, मामेभावाकडे सत्यनारायण होता. मोजणी मी त्या पेंटरकडे दिली. पाटीसमोर उभं करून समजावलं, डावीकडचे बिल्ले आणि रस्त्यावरची डोकी, बस. तो म्हणाला, "समजलं भाऊ, निश्चिंत जा." मी माझा बिल्ला 'बाहेर' लावला. पहिल्या खुंटीसमोर उभं राहून मी हे सगळं बोललो, आणि त्या बिल्ल्याबद्दल माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

दुपारी निम्मी माणसं नमाजाला गेलेली, काही मनामाला. पेंटिंगच्या खोलीतल्या कॉम्प्रेसरची वायर जळाली आणि फोमने पेट घेतला. बाकीचं मी त्या लोकांकडून ऐकलेलं आहे. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. मेन स्विच पाडला. माणसं मागच्या जिन्याने रस्त्यावर आली. वेल्डर गल्लीच्या तोंडाशी गाड्या हलवायला धावला. पेंटरने मोजलं. स्वतःला धरून आणि पळत गेलेल्या वेल्डरला धरून सहा माणसं. डावीकडे बिल्ले सात. त्याने परत मोजलं. मग एकेकाला नंबर विचारला, आणि एक नंबर कोणाचाच नव्हता. बाकीचे चौघे त्याच्यासारखेच नवे, त्यांनी भाईला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि वरच्या डावीकडच्या खोलीचं दार त्यांना नेहमी लोटलेलंच दिसायचं. एक नंबरचा माणूस कोण हे सांगणारा एकटा वेल्डर, आणि तो त्याचं काम करत होता. पेंटरने काचेखालची यादी बघितली. एक नंबर: वरची खोली, डाव्या हाताची. तोंडाला ओला टॉवेल बांधून तो जिन्याने वर गेला. बंब यायचा होता.

माझा फोन वाजला तेव्हा मी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन उभा होतो. तुबलीत पोचलो तोवर आग आटोक्यात आली होती. बंबवाल्यांनी पेंटरला जिन्याच्या वळणावरून उचलून आणलं होतं आणि गाडी त्याला घेऊन हॉस्पिटलला गेली होती. पाटी होती तशी होती. तिला धग लागलेली नव्हती. वेल्डर तिच्यासमोर मटकन बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग परत पहिल्या खुंटीकडे. त्याने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशीला आलेल्या साहेबाला मी सगळं सांगितलं, टेपसकट. त्याने ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग हिंदीत म्हणाला, "तुमच्या माणसाच्या मागे आमचे दोघं गेले होते. त्यांनाही वाटलं, आत अजून एक आहे. दोन माणसं शोधत होते ते." मला भाईचं वाक्य आठवलं आणि मान वर करवेना.

पेंटर तीन दिवस मशीनवर होता. चौथ्या दिवशी नळी काढली आणि मला आत सोडलं. त्याचे ओठ सुकलेले, आवाज घोगरा, एका शब्दानंतर दुसरा यायला वेळ लागत होता. मी खुर्ची ओढली. मी काही म्हणायच्या आत त्याने विचारलं, "भाऊ, एक नंबर... सापडला का?"

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी ते माझ्यासाठी ठेवलं होतं, आणि बरोबरच होतं. क्षणभर माझ्या मनात आलं, सापडला म्हणावं. बरा आहे, रजा टाकून गावी गेला म्हणावं. या माणसाला तेवढंच समाधान. मग मी त्याच्या नाकाजवळची काजळी बघितली, अजून पूर्ण गेली नव्हती.

"तो आत नव्हता," मी म्हणालो. "कुणीच नव्हतं. एक नंबर म्हणजे इथला जुना सुतार. तो तू यायच्या आधीच गावी वारला. बिल्ला मी काढला नव्हता."

"पण अंथरूण होतं," तो म्हणाला. "धुरात काही दिसेना. हाताला अंथरूण लागलं. म्हणून मी खाटेखाली... परत परत बघितलं."

"तेही मीच ठेवलं होतं."

त्याने डोळे मिटले. मी वाट बघत होतो. त्याने आईबहिणीवरून शिव्या द्याव्यात, थुंकावं, नर्सला बोलावून मला हाकलावं, माझी सगळ्याची तयारी होती. तसं झालं असतं तर मी बाहेर जाऊन मोकळेपणाने रडलो असतो.

"म्हणजे माझ्याकडून कोणी राहिलं नाही," तो म्हणाला.

"नाही. कोणी नाही."

"मी सारखं तेच मोजत होतो इथे," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या रविवारी मी एक नंबर खुंटीवरून उतरवला. यादी नवीन लिहिली. वरच्या खोलीतलं जे आगीतून उरलं होतं ते बांधलं. बिल्ला डब्यात टाकवेना, म्हणून श्रीवर्धनला जाणाऱ्या एका माणसाबरोबर ट्रंकेत घालून भाईच्या बायकोकडे पाठवला. पेंटर हॉस्पिटलात होता तोवर त्याचा बिल्ला मी 'बाहेर' लावला. पोरांना ते आवडलं नाही. मलाही नाही. पण तो बाहेर होता, म्हणून बाहेर. लाल टेपची पद्धत मी बंद केली. आता रजेवर जाणारा बिल्ला सोबत खिशात घेऊन जातो आणि येताना घेऊन येतो.

डॉक्टरांनी पेंटरला सांगितलं की स्प्रेचं काम आता विसरायचं. थिनर नाही, भुसा नाही, धूळ नाही. मॅनेजरने ऑफिसात बसायचं काम देऊ केलं होतं, पण तो म्हणाला घरी जाऊ द्या. व्हिसा कॅन्सल करायला सही केली. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी तो बॅग न्यायला आला. सगळ्यांना भेटला. कुणी त्याला मिठाई दिली, कुणी मुलासाठी घड्याळ. शेवटी फाटकाशी आला. मी पाटीजवळच उभा होतो.

त्याने 'बाहेर'च्या खुंटीवरून आपला बिल्ला काढला आणि माझ्या हातात दिला. "डब्यात टाका भाऊ. आत्ता. माझ्यासमोर."

मी ऑफिसात जाऊन डबा घेऊन आलो आणि त्याच्या डोळ्यांदेखत बिल्ला आत टाकला. त्याने मान हलवली.

"जातो," तो म्हणाला.

इतकी वर्षं इथे कोणी असं म्हणालं तर मीच खेकसायचो, येतो म्हण रे म्हणून. तो शब्द माझ्या ओठावर आला होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "जा."

फाटकापासून गाडीपर्यंत तीसेक पावलं असतील. मी ती मोजली. तेवढ्यात तो दोनदा थांबला, बॅग खाली ठेवून, श्वास घ्यायला.